तुम्ही विचारलंत म्हणून: ऑरहूसच्या त्या तळ्यावर आहे तरी काय?

डेन्मार्कला येणारं कुणीही असो, कंपनीत नवीन जॉइन झालेली मुलं, पीएचडीला आलेल्या मुली, नाहीतर उन्हाळ्यात दोन महिने राहायला आलेले कुणाचे आईबाबा, आठवडाभरात एकदा तरी विचारतातच, "अगं तुम्ही सुट्टी मिळाली की त्या तळ्यावरच का जाता, तिथे आहे तरी काय?" मी दरवेळी घाईत काहीतरी सांगते आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते, म्हणून आज नीट लिहिते.

तळं म्हणजे ब्राब्रँड सो, आणि त्याच्या वरच्या अंगाला लागून दुसरं, ऑर्सलेव्ह एंगसो. शहराच्या पश्चिमेला आहेत दोन्ही. ऑरहूसच्या मधोमध जी नदी वाहते ना, जिच्या काठच्या कॅफेंमधले फोटो सगळेच टाकतात, ती या दोन तळ्यांमधून पुढे गावात येते. गावात आल्यावर तिचं काय झालं होतं माहितीये का, 1930च्या दशकात तिच्यावर सरळ रस्ता बांधून तिला झाकून टाकलं होतं, आणि 1990च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने परत उघडी केली. त्या नदीच्या कडेकडेने सायकलचा रस्ता जातो, मध्ये फारशी चढण नाही, गावातून निघालं की अर्ध्या तासाच्या आत तुम्ही तळ्यावर.

आमचं जाणं बहुतेक वेळा बझार वेस्टला जोडून असतं. ते ब्राब्रँडमध्येच आहे, गेलेरुप या स्थलांतरितांच्या वस्तीतल्या मोठ्या बिल्डिंगांजवळ. कोथिंबीर, भेंडी, कारली, मिळाले तर आंबे, सगळं घ्यायचं, पिशव्या गाडीत टाकायच्या आणि उतारावरून खाली तळ्याकडे जायचं. वाटेत लेबनॉनची, सोमालियाची कुटुंबं भेटतात, बाबागाड्या, आज्या, मागून पळत येणारी पोरं, आणि धावणारे डॅनिश लोक तर कुठल्याही हवेत असतातच. मला हे फार आवडतं. एरवी या शहरात कोण कुठे राहतं आणि कोण कुणाशी बोलतं याच्या रेषा बऱ्यापैकी पक्क्या आहेत, पण तळ्याच्या वाटेवर सगळे एकमेकांना 'हाय' म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. ऑर्सलेव्ह एंगसो हे तळं 2003 पर्यंत नव्हतंच! तिथे शेती होती. नदीकाठची ओली, दलदलीची जमीन, तिच्यात चर खणून, पाणी उपसून ती कोरडी केलेली. हे काही फक्त इथलं नाही, डेन्मार्कभर दीडएकशे वर्षं हेच चाललं होतं, प्रशिया-ऑस्ट्रियाविरुद्धच्या 1864च्या युद्धात दक्षिणेचा मोठा मुलूख गेल्यावर तर उरलेल्या देशातली इंच न इंच जमीन लागवडीखाली आणायची हे देशकार्यच झालं. पश्चिमेला फिलसो नावाचं तळं आहे, एके काळी देशातल्या सगळ्यात मोठ्या तळ्यांपैकी एक, 1852 पासून ते उपसत उपसत शेवटी जवळजवळ संपवलं. आजही या देशाची निम्म्याहून जास्त जमीन नांगराखाली आहे. विमानातून बघा, चौकोनच चौकोन दिसतात.

मग उलटं का फिरले? तर समुद्रामुळे. 1986च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या कॅटेगाट समुद्रात मेलेले लॉबस्टर जाळ्यात आले, ते टीव्हीवर दाखवले आणि देश हादरला. शेतातलं खत, डुकरांच्या गोठ्यांमधली घाण, गावांचं सांडपाणी, यातला नायट्रोजन नद्यांमधून समुद्रात जातो, तिथे शेवाळ माजतं, ते मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि तळाशी काही जगत नाही. 1987 मध्ये पाण्यासाठी पहिला मोठा राष्ट्रीय आराखडा आला, त्यानंतर आणखी आले, आणि त्यातून निघालेल्या उपायांपैकी एक म्हणजे जुन्या पाणथळ जागा परत भिजवणं. ऑर्सलेव्हला तेच केलं, पंप थांबवले आणि पाणी येऊ दिलं. साधारण शंभर हेक्टरचं उथळ तळं तयार झालं. नदी त्यात पसरते, वेग कमी होतो, आणि तळातल्या चिखलात जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले बॅक्टेरिया पाण्यातल्या नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करतात, तो हवेत जातो. म्हणजे वरून बघताना तुम्हाला निवांत पडलेलं पाणी दिसतं पण खाली रात्रंदिवस काम चालू असतं, ऑरहूसच्या खाडीत जाणारं पाणी तिथे धुऊन निघत असतं.

माझे सासरे इंदापूरकडचे शेतकरी. ते आले होते तेव्हा त्यांना पक्षी बघायच्या मनोऱ्यावर नेलं. मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली, शेत होतं, मुद्दाम तळं केलं वगैरे. ते कठड्याला धरून बराच वेळ बघत होते आणि मग म्हणाले, "एवढी सपाट जमीन, वर बारमाही पाणी, आणि यांनी स्वतःहून बुडवली?" तुम्हाला यातलं कळायचं तर उजनी माहीत पाहिजे. भीमेवरचं उजनी धरण 1980च्या सुमाराला भरलं आणि नदीकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर दिसतं. यांच्या घरची जमीन त्यातच गेलेली. त्याच पाण्यावर आज भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला लोक पुण्याहून जातात, त्याच पाण्यावर सोलापूरकडचा ऊस उभा आहे, हे सगळं खरं, पण सासऱ्यांना पाण्याखालचे बांध अजून ओळीने आठवतात. त्यामुळे त्यांचे प्रश्न कुठल्याही टुरिस्टसारखे नव्हते. शेतकऱ्याला काय दिलं? म्हटलं, अशा कामात मोबदला देतात किंवा दुसरीकडे बदली जमीन देतात. कोण किती दिवस भांडलं? पाणी किती खोल? मासेमारीचा ठेका कुणाकडे? मी सांगितलं ठेका नसतो, गळ टाकायला सरकारी परवाना लागतो आणि ज्याचं पाणी त्याची परवानगी. हे काही त्यांना पटलं नाही. "एवढ्या पाण्यात मासा आणि ठेका नाही?" असं दोनदा म्हणाले. पण नंतर जेवढे दिवस इथे होते तेवढे दिवस रोज संध्याकाळी "चला, तुमच्या बुडवलेल्या शेताकडे" म्हणून तेच आधी बूट घालून तयार.

मला त्या तळ्याबद्दल जे वाटतं ते त्यांच्यामुळे जास्त स्पष्ट झालं. आपल्याकडे धरणं झाली ती पाणी साठवून शेती वाढवायला, इथे शेती मागे घेऊन पाण्याला जागा दिली. दोन्हीकडे कुणाची तरी जमीन गेलीच. फक्त इथे पुढच्या पिढीने उघडपणे म्हटलं की आधीच्यांनी जरा जास्तच घेतलं होतं, आणि मग पैसे खर्च करून ते परत केलं. शहराच्या उत्तरेला एगो एंगसो 2006 मध्ये असंच झालं, आणि फिलसो पण 2012 मध्ये परत भरलं. 2024 मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गसंस्था यांच्यात मोठा करार झाला, त्यात 1,40,000 हेक्टर सखल शेतजमीन शेतीतून काढायची ठरलीये. कारण अशी दलदलीची जमीन कोरडी ठेवली की ती हवेने कुजत जाते, खचत जाते, कार्बन सोडत राहते, आणि जितकी खचेल तितकं जास्त पाणी उपसावं लागतं. हे पुरं होईल की नाही यावर इथे वाद चालूच आहेत. मला विचाराल तर झालंच पाहिजे, आणि मी हे शेतकऱ्याच्या घरातली सून म्हणून म्हणतेय.

बरं, बघायला काय मिळतं ते पण सांगते. मे-जूनमध्ये आलात तर वेताच्या कडेला मोठी डुबकी (एक पाणपक्षी) दिसेल, डोक्यावर तुरा आणि गालाला तांबूस झालर असलेली. तिची पिल्लं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची असतात आणि आईबापाच्या पाठीवर पंखात शिरून बसतात, फक्त डोकी बाहेर. एकदा दुर्बिणीतून नीट बघितलं, बापाने स्वतःचं एक पीस ओढून काढलं, पाण्यात बुडवलं आणि पिल्लाच्या चोचीत दिलं, पिल्लाने ते गिळलं. ही जात पिल्लांना पिसं खाऊ घालते, पोटात माशांचे काटे टोचू नयेत म्हणून असं मानतात. वारकरी पक्षी तर ढिगाने, तेच आपल्याकडचे, काळं अंग आणि कपाळाला पांढरा टिळा. आणि हंस, पाणकावळे, राखी बगळे. समुद्री गरुड दिसलाच तर आधी तो दिसत नाही, आधी सगळे रानहंस एकदम ओरडत उठतात, मग वर बघायचं. पंख पसरले की दोन मीटरच्या पुढे जातो तो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांनी मारून मारून या देशातून संपवला होता, 1990च्या दशकात परत घरटी करायला लागला.

शांतता म्हणाल तर अगदी चिडीचूप नाहीये. उत्तरेच्या काठाने रेल्वेलाइन जाते, वारा फिरला की हायवेचा आवाज येतो. पण दहा मिनिटं बसलात की ते मागे पडतं आणि वेतातल्या छोट्या पक्ष्यांची किरकिर ऐकू यायला लागते. म्हणून एक कळकळीची विनंती, ब्लूटूथ स्पीकर आणू नका, आणि घरट्यांच्या दिवसांत वाट सोडून वेतात शिरू नका, कुत्रा असेल तर दोरीला बांधूनच. चार पावलं आत गेलं तरी अंड्यावरची पक्षीण उठते आणि तेवढ्यात कावळा अंडं नेतो.

कधी यायचं? जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवण करून आरामात निघा. डिसेंबरमध्ये पावणेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच या आणि थर्मासमध्ये चहा आणा. हिवाळ्यात पाणी गोठलं तर कम्युनने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, परवानगी दिल्याशिवाय बर्फावर पाय ठेवायचा नाही, दुसरे लोक चालताना दिसले तरी नाही. उन्हाळ्यात उंच गवतातून गेलात तर घरी आल्यावर पायाला गोचीड चिकटलीये का ते नक्की बघा, मुलांच्या कानामागे पण. वाटेवर कडेने चाला, सायकलवाले जोरात येतात. दुर्बीण माझ्याकडे एक जास्तीची आहे, आदल्या दिवशी मेसेज टाका म्हणजे पिशवीत ठेवते.