पिसाचा दांडा विरघळेपर्यंत

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी कोंबडीच्या पिसांचा कचरा हा विषय घेतला, कारण आमच्या गावच्या ओढ्याकाठी चिकनच्या दुकानांतील पिसांची पोती कुजत पडलेली मी लहानपणापासून पाहत आले होते. पिसात सुमारे ९० टक्के केराटिन हे प्रथिन असते. एवढे प्रथिन मातीमोल व्हावे, हे मला मनापासून खटकत असे.

त्याच जागेची माती पाण्यात कालवून ८० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे तापवली, म्हणजे बीजाणू (उष्णतेत टिकणारे सुप्त रूप) तयार करणारे बॅसिलससारखे जीवाणूच तगून राहतात. पुढे दुधाच्या आगरवर (जीवाणू वाढवण्याच्या, दूध मिसळलेल्या घट्ट माध्यमावर) ज्या वसाहतीभोवती सर्वांत मोठे पारदर्शक वलय, म्हणजे दुधातील प्रथिन तुटल्याची खूण, दिसले तीच मी निवडली आणि तिथेच चुकले. सात दिवसांनंतरही फ्लास्कमधील पीस जसेच्या तसे होते. दुधातील केसीन हे प्रथिन कोणतेही साधे प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम), तोडते. केराटिनच्या साखळ्या मात्र गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात आणि ते बंध सुटल्याखेरीज विकराला आत शिरायला वाव मिळत नाही. दोन आठवडे वाया गेले.

मग त्या मातीतून मिळालेले सर्व बारा जीवाणू, पिसाखेरीज दुसरे अन्नच नसलेल्या माध्यमात, ३७ अंशांवर शेकरवर (फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्रावर) ठेवले. त्यांपैकी एका फ्लास्कमधील पाणी तिसऱ्या दिवशी गढूळ झाले, बारीक तंतू गळून गेले आणि माशाच्या काट्यांसारखे पांढरे दांडे तेवढे उरले. पाचव्या दिवशी काचकांडी लागताच तेही तुटू लागले. कापसाचा बोळा काढताच अमोनियाचा उग्र दर्प नाकात शिरला. त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवला नाही. जीवाणू न घातलेल्या फ्लास्कमधील पीस शाबूत होते. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेनेही पिसे थोडी मऊ पडत असल्यामुळे ही तुलना टाळून चालत नाही.

जीवाणू गाळून काढून नुसत्या विकरयुक्त द्रवात पीस टाकले, तेव्हा मात्र ते फारसे विरघळले नाही, कारण गंधकाचे बंध सोडवण्याच्या कामी जिवंत पेशींचाही हातभार लागतो. मार्गदर्शक मॅडमच्या सूचनेवरून त्या द्रवात थोडे सोडियम सल्फाइट घातले. सल्फाइट हे बंध रासायनिक रीतीने तोडते. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्क उजेडात धरला, तर दांडाही लिबलिबीत झाला होता.