गोबरगॅसवर घरची वीज चालेल का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. आमच्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत ज्यांच्या दावणीला चार-पाच जनावरे आहेत, ते आमची शेगडी गोबरगॅसवर पेटताना पाहून हाच प्रश्न करतात, की मग विहिरीवरची मोटरही यावरच का चालवत नाही?

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे दिवसाला दोन घनमीटर (दोन हजार लिटर) गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि जवळपास तेवढेच पाणी लागते. एवढ्यात पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो आणि १४.२ किलोच्या सिलिंडरइतका गॅस सोळा-सतरा दिवसांत वापरला जातो. तोच गॅस इंजिनात जाळला, तर बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि जेमतेम तीन युनिट वीज हाती येते. पाच अश्वशक्तीची मोटर त्यावर तासभरही चालणार नाही. शिवाय त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडने इंजिन गंजते, म्हणून गॅस आधी लोखंडाच्या किसातून गाळून घ्यावा लागतो.

वीज होतच नाही, असे मात्र नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तुमकूर जिल्ह्यातील पुरा गावात १९८०च्या दशकातच गोबरगॅसवर दिवे लागले आणि पाण्याचा पंप चालला. पण तेथे शेण साऱ्या गावाचे होते आणि इंजिनाला डिझेलची जोड होती. आपल्याकडे दोन भावांचा उकिरडा एक करायचा म्हटले, तरी पंच बोलवावे लागतात.

तेव्हा आधी आठवडाभर गोठ्यातले शेण तोलून पाहा. खानापूरकडे जनावरे दिवसभर रानात चरतात, त्यामुळे बरेचसे शेण तिकडेच राहते. चिकोडीकडे बांधलेल्या म्हशींचे सगळे हाती लागते. शेण कालवताना काडीकचरा हातानेच वेचावा लागतो, नाहीतर टाकीत वर साय धरते. डिसेंबरात थंडीने गॅस तयार करणारे जिवाणू मंदावतात आणि गॅस कमी पडतो; तेव्हा उन्हात तापलेले पाणी वापरावे. ज्योत फडफडू लागली, तर नळीत साचलेले पाणी काढावे.

गॅस काढल्यावर शेणाचे सत्त्व जाते, ही समजूत मात्र खरी नाही. जळतो तो प्रामुख्याने मिथेन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. नत्र स्लरीतच, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणातच राहते. आम्ही ती पाटाच्या पाण्याबरोबर थेट उसाच्या सरीत सोडतो.