जूनमधल्या कझानला इशा कधी पढायची?

आमच्या कोकणात इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजेच्या, वेळेवर कोणी डोकं खाजवत नाही. मगरिब (सूर्यास्ताची नमाज) झाली, जेवणं उरकली, गप्पा रंगायला लागल्या की सव्वा तासाने अजान. वर्षभर हा हिशेब पाच-दहा मिनिटांपलीकडे हलत नाही. भाची डॉक्टरकी शिकायला कझानला गेली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिचा फोन आला : "मामू, इथे नीट रात्रच होत नाही. मैत्रिणींच्या मोबाइलवर प्रत्येकीची वेळ वेगळी!" पुढच्या जूनमध्ये मी तिकडे गेलो तो तिला भेटायला, आणि खरं सांगायचं तर ही भानगड डोळ्यांनी बघायलाही.

कझान म्हणजे तातारस्तानची राजधानी, व्होल्गाच्या काठी, ५५.८ अंश उत्तरेला. जूनअखेर तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या सुमारास उगवतो. म्हणजे मध्ये साडेसहा तास मिळतात. मग अडतं कुठे? इशाची वेळ सूर्यास्ताने नव्हे, तर संधिप्रकाश, म्हणजे शफक, विझल्यावर सुरू होते. त्यासाठी सूर्य क्षितिजाखाली १७-१८ अंश जावा लागतो, असं बहुतेक वेळापत्रकं धरतात. कझानला २१ जूनच्या रात्री तो जेमतेम ११ अंश खाली जातो. साधारण ४८.५ अंशांच्या उत्तरेला कुठेही हेच, मग ते लंडन असो की मॉस्को.

कझानच्या क्रेमलिनच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, तटाशी आम्ही मध्यरात्र होईपर्यंत थांबलो. कुल शरीफ मशिदीच्या मागे वायव्येला असलेला तांबूस पट्टा विझला नाही. तो हळूहळू उत्तरेकडे सरकला आणि मग ईशान्येकडे निघाला. मावळतीची लाली संपून उगवतीची कधी सुरू झाली, ते बोट ठेवून सांगता येईना. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आम्हाला तांबडी शफक गेली की पुरे. इथले तातार लोक हनफी पंथाचे. इमाम अबू हनीफांच्या मते तांबड्यानंतरचा पांढरा उजेडही जायला हवा. इथे तर तांबडाच जाईना.

भाचीच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये पर्याय तीन : रात्रीचा मध्य, रात्रीचा सातवा भाग, किंवा अंशांच्या प्रमाणात. एकावरून दुसऱ्यावर बोट टेकवलं की इशा तासा-दीड तासाने उडी मारते. मला हे पटत नाही. शेकडो वर्षं ज्यावर आलिम (धर्मपंडित) भांडले तो फैसला सेटिंगच्या चौथ्या पानात लपवून ठेवायचा, आणि पोरीबाळींनी अंदाजाने बोट लावायचं!

भांडणं तरी कुठली? काबान सरोवराजवळ मर्जानी मशीद आहे. रशियाची सम्राज्ञी येकातेरिना दुसरी हिच्या परवानगीने १७६६ ते १७७० दरम्यान बांधलेली, हिरवी-पांढरी, आतून नाजूक फुलापानांची. १८५० पासून तिथे शिहाबुद्दीन मर्जानी इमाम होते. त्यांच्या आधीच्या काही हनफी फकीहांचं (धर्मकायद्याच्या जाणकारांचं) म्हणणं होतं, की वेळच आली नाही तर नमाज फर्ज, म्हणजे बंधनकारक, होत नाही. मध्य आशियातल्या ख्वारिझमचे फकीह बक्काली, त्यांचा दाखला ठरलेला : ज्याचा हात कोपरापासून तुटलाय, त्याच्या वजूत (नमाजेआधीच्या शुद्धीत) हात धुणं उरतच नाही. मर्जानींनी १८७० मध्ये याच्याविरुद्ध अरबीत अख्खं पुस्तक छापलं. नमाज अल्लाच्या हुकमाने फर्ज होते, वेळ ही फक्त खूण. खूण दिसली नाही म्हणून हुकूम रद्द होत नाही. मी मर्जानींच्या बाजूचा.

शाफई फिकहात (धर्मकायद्यात) इमाम नववींचा तोडगा सरळ आहे : जवळच्या ज्या मुलखात शफक जाते, तिथे तिला किती वेळ लागतो तेवढा धरा. ध्रुवाकडे, जिथे सूर्य मावळतच नाही, तिथेही अंदाजच. कयामतीआधी येणाऱ्या दज्जालच्या वर्षाएवढ्या लांब दिवसाबद्दल 'अंदाज करा' असं सांगणाऱ्या हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनाचा, आधार घेतात. युरोपच्या फतवा परिषदेने अशा दिवसांत मगरिब आणि इशा जोडून पढायचीही मुभा दिली आहे. भाचीने मात्र ॲप बाजूला ठेवून मशिदीच्या फलकावरचा तक्ता धरला आहे. त्यात इशाला 'यास्तू' म्हणतात. जमात (एकत्र नमाज पढणारे) ज्या वेळेला उभी राहते तीच आपली वेळ, हे तिचं म्हणणं मला आवडलं.

कझानहून बल्गारला, व्होल्गाकाठच्या बल्गार लोकांच्या जुन्या नगरीला, बोटीने जाता येतं. व्होल्गावरून सुसाट जाणारी, पाण्यातून अर्धी वर उचललेली बोट. काठावर चौदाव्या शतकाच्या आसपासचे अवशेष, नव्याने बांधलेला मोठा मिनार आणि जरा बाजूला २०१२ ची संगमरवरी पांढरी मशीद. २०१४ पासून बल्गार जागतिक वारसा यादीत आहे. बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान ९२२ मध्ये याच मुलखात आला होता. तंबूत तो इथल्या राजाच्या शिंप्याशी गप्पा मारत इशाच्या अजानची वाट बघत बसला. अजान झाली म्हणून बाहेर आला तर पहाट! मुअज्जिन (अजान देणारा) म्हणाला, ही फजरची, पहाटेच्या नमाजेची, इशा आम्ही मगरिबबरोबरच पढतो. मगरिबला चुलीवर ठेवलेलं भांडं उकळायच्या आत फजर होते, असंही त्याने सांगितलं. फजर चुकेल या भीतीने बिचारा मुअज्जिन महिनाभर झोपला नव्हता.

या पाहुण्याने आणखी एक खटपट केली. इथला मुअज्जिन इकामतचे, म्हणजे जमात उभी राहताना होणाऱ्या पुकाऱ्याचे, शब्द दोन-दोनदा म्हणायचा. याने राजा अल्मिशला सांगितलं, तुमच्या खलिफाच्या घरी एकेकदाच म्हणतात. राजाने ऐकलं. पण खलिफाने कबूल केलेले चार हजार दिनार पोहोचलेच नाहीत, तेव्हा राजाने मुअज्जिनला पुन्हा दोनदा म्हणायला लावलं. आमच्या गावच्या मशिदीत एकदाच म्हणतात. पांढऱ्या मशिदीत मगरिबची इकामत झाली, मी कान देऊन मोजली. दोनदाच.