मानवेल बांबूजवळ कोणी फोटो काढत नाही

श्रावणात नागपूरकर फिरायला निघाला की गाडी रामटेककडे वळते, नाहीतर पेंचकडे. आम्ही अमरावती रोडला लागलो. वडाळीचं बांबू गार्डन पाहायचं कधीपासून मनात होतं. सोबत मोठे काका. त्यांची वन खात्यातली नोकरी बरीचशी गडचिरोलीकडे झालेली, त्यामुळे बांबूच्या बाबतीत ते कोणाचंच ऐकून घेत नाहीत.

वाडीची गर्दी सुटली की रस्ता मोकळा. कोंढाळीच्या आसपास संत्र्याच्या बागा दिसू लागल्या. आंबिया बहराच्या हिरव्या फळांनी फांद्या वाकलेल्या आणि त्यांना खालून बांबूचे टेकू. "घे, गार्डन इथूनच चालू झालं," काका म्हणाले. तळेगावला चहा घेतला, तिवसा न थांबता मागे टाकलं. सगळं मिळून दीडशेक किलोमीटर.

वडाळी अमरावती शहराला लागूनच आहे, पलीकडे पोहऱ्याचं जंगल. उद्यान वन विभागाचं असून बांबूच्या 60 च्या वर जाती इथे लावल्या आहेत. गर्दी मात्र दोनच ठिकाणी. एक पिवळ्या बांबूपाशी. पिवळ्याधमक पेरांवर हिरवे पट्टे, सेल्फीला रांग. दुसरी फुगीर पेरांच्या 'बुद्धा बेली'पाशी. पोट सुटलेला बांबू पाहून लहान मुलं खिदळत होती.

आम्ही रेंगाळलो ते बांबूच्या एका बेटाच्या बुडाशी. पावसाने नुकतेच कोंब वर आले होते. कोंब मनगटाहून जाड, अंगावर तपकिरी खोळी एकीवर एक घट्ट बसलेल्या, टोकाला छोटं पातं. मी वाकले तर काका ओरडले, "हात नोको लावू बाई, कुसं भरतीन!" खोळीवर बारीक काळपट लव असते, ती बोटांत रुतली की दिवसभर खाजते. जात ओळखायची तर जाणकार पानांपेक्षा ही खोळच आधी बघतात. झाडाचं खोड वर्षागणिक जाड होतं, बांबूचं तसं नाही. कोंब ज्या जाडीचा निघतो, तीच जाडी कायमची. काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि पुढची तीन-चार वर्षं नुसता पक्का होत जातो. असेच कोवळे कोंब म्हणजे गडचिरोली-भंडाऱ्याकडचे वास्ते. चिरून, उकळून, कडू पाणी टाकून दिल्यावर त्यांची भाजी होते, आणि मला विचाराल तर ती मटणाच्या तोडीची.

मग आमचा मानवेल आला. दिसायला साधा, मध्यम उंचीचा, बेटात दाटीवाटीने उभा. समोर चिटपाखरू नाही. "कायले त्या पिवळ्याच्या मागं लागले लोकं?" काका खरंच चिडले होते. विदर्भाच्या जंगलात जास्त करून हाच. कोरड्या जागी वाढलेला तर जवळजवळ भरीव निघतो, म्हणून लाठी याची. बल्लारपूरच्या कागद कारखान्यानेही वर्षानुवर्षं बांबूच गिळला. काटेरी कटांग शेजारीच होता, पण त्याच्या जवळ जायची सोय नाही.

मानवेल फुलतो तो काही दशकांतून एकदा. अनेकदा पट्टेच्या पट्टे एकदम फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. मग वाळलेल्या बेटांत वणव्याची भीती. ते बी भातासारखं शिजवून खाल्लेली माणसं काकांनी पाहिली आहेत.

बाकावर बसून डबा उघडला आणि विषय कायद्यावर गेला. बांबू खरं तर गवत, पण 1927 च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवलं. जंगलाबाहेरचा बांबू त्यातून सुटायला 2017 उजाडलं. त्याआधी 2011 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेच्या हाती बांबू वाहतुकीचे पास आले. "आमच्या वेळी बैलगाडीभर बांबू सापडला की गुन्हा," काका म्हणाले. बरोबर होतं का, असं मी विचारलं. त्यांनी पोळीचा तुकडा लोणच्यात बुडवला. "गाववाल्यांचंच होतं नं ते," एवढंच बोलले.

जायचं असेल तर पाऊस चांगला लागल्यावर जा, उन्हाळ्यात कोंब दिसणार नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास भरपूर आहेत. आणि पिवळ्या बांबूवर नावं कोरणारे कोणी दिसले तर बिनधास्त हटका. काकांनी दोघांना हटकलं, एकाने चक्क सॉरी म्हटलं.