गाडीची शाकारणी

९ मे

सकाळी सातला गच्चीवर कुरडया घालत होते. ऊन चढायच्या आत आटपायचं म्हणून घाई. सोऱ्यातला शेवटचा चीक संपला, पाय मोकळे करायला उठले आणि सहज कठड्यावरून खाली बघितलं. गल्लीत आमची कॅम्पर व्हॅन उभी. पांढरीशुभ्र, आत ओटा, सिंक, दोन माणसांचा पलंग. अवघी नऊ महिन्यांची. तिच्या टपावर, तिथे बसवलेल्या पंख्याच्या चौकटीखालून, कपावरून चहा ओघळावा तसा तपकिरी ओघळ आलेला.

नऊ महिन्यांत मी ही गाडी वरून एकदाही बघितली नव्हती. हे दर रविवारी धुतात. इंदूरचा माणूस, शहराचा स्वच्छतेतला पहिला नंबर डोक्यात गेलेला. टायरच्या नक्षीत अडकलेले खडेसुद्धा काडीने काढतात. पण गाडी साडेआठ फूट उंच आणि हे साडेपाच. पाइपने वर पाणी मारायचं, खाली ओघळेल ते पुसायचं, झालं टपाचं धुणं.

हाक मारली. वर आले, चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले, "चिंचेचं पान कुजलं असेल गं."

आमच्या गल्लीत चिंच नाही.

१० मे

शेजारी रंगकाम चाललंय, त्यांची शिडी मागून आणली. यांचा गुडघा कुरकुरतो म्हणून मीच चढले. हे खाली शिडी धरून, "सांभाळून, सांभाळून" करत.

पंख्याची चौकट पांढऱ्या प्लास्टिकची. तिच्या कडेने लावलेली सिलिकॉनची पट्टी एका बाजूने सुटली होती, बोटाने उचलली तर शेवग्याच्या शेंगेचा दोरा निघावा तशी निघत आली. त्या बाजूच्या रंगाला फोड. साबुदाण्याएवढे, आणि दोन कोपऱ्यांत तर भिजवलेल्या साबुदाण्याएवढे. एकावर नख दाबलं. रंगाची पापडी तुटली आणि आतून लालसर भुकटी बोटाला लागली. ओलसर होती! मे महिन्यात इंदुरात माठ सोडून काही ओलं राहत नाही, पण मागच्या धुण्याचं पाणी पट्टीखाली दडून बसलेलं.

उरलेल्या टपावर बारीक तपकिरी ठिपके. पोह्यांवर जिरावन, तो इंदुरी मसाला, भुरभुरावा तसे, अगदी मोकळ्या हाताने.

मी तीस वर्षं आठवीच्या मुलांना तीन परीक्षानळ्या दाखवल्या आहेत. एकीत खिळा आणि साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत ओल शोषणारं कॅल्शियम क्लोराइड. चार दिवसांनी विचारायचं, गंज कुठल्या नळीत? हवा आणि पाणी, दोन्ही लागतात, बाई! असं मुलं एका सुरात ओरडायची. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून वरचा रंग उचलतो, हेही मीच फळ्यावर लिहिलेलं. आणि माझ्याच गाडीवर पहिली नळी नऊ महिने उघडी.

१३ मे

दोन फोन केले. आधी गाडी जिथून घेतली तिथे. त्यांचं म्हणणं, गंजाची हमी मूळ पत्र्याला आहे, नंतर कोणी भोक पाडलं असेल तर तिथली जबाबदारी आमची नाही. मग ज्यांनी आतलं सगळं काम करून दिलं त्या कार्यशाळेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "समुद्रावर नेली होती का?" डिसेंबरात गुहागरला सुरूच्या बनात अकरा दिवस होतो, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. झालं. "मॅडम, खारी हवा आहे ती."

खारी हवा गंजाला जोर देते, खरं आहे. पण मग ती पंख्याच्याच कडेला का बसली? दारांवर, बॉनेटवर, चाकांच्या कमानीत एक ठिपका नाही.

फोन ठेवल्यावर हे बराच वेळ बोलले नाहीत. यांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे आहेत त्या गाडीत. मग म्हणाले, "पंखा तुलाच हवा होता." हवाच होता. बंद गाडीत फोडणी घालून बघा एकदा, मिरचीचा ठसका पलंगावरच्या उशीतून तीन दिवस येतो. शोरूममधून आलेला धडधाकट पत्रा मी सांगितलं म्हणून कापला, चौदा इंच बाय चौदा इंच. रागही आला आणि वाईटही वाटलं.

१४ मे, रात्री

झोप येत नव्हती. अचानक वास आठवला.

मागच्या ऑगस्टमध्ये गाडी ताब्यात घेतली तेव्हा आत व्हिनेगरचा वास होता. नव्या प्लायचा, गोंदाचा नाही, चक्क व्हिनेगरचा. ढाब्यावर सिरक्यातला कांदा पुढे यावा तसा. मी आपली ओट्याखालचे सगळे खण उघडून बघितले, कामगारांपैकी कोणाची लोणच्याची बाटली सांडली की काय म्हणून. दोन-तीन दिवसांत वास गेला आणि मी विसरले.

तो सिलिकॉनचा वास होता. स्वस्तातलं, काचेला आणि बाथरूमच्या फरशांना लावतात ते सिलिकॉन हवेतली ओल ओढून घट्ट होतं आणि घट्ट होताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. व्हिनेगरमधलं आम्ल ते हेच. काचेला त्याचं काही वाटत नाही, नुकत्याच कापलेल्या उघड्या लोखंडाला वाटतं. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तो बारीक ओरखडा सांभाळून घेतो, पण इथे चारी बाजू मिळून साडेचार फुटांच्या वर ताजी कापलेली कड. तिला ना प्रायमर, ना रंग. वरून आम्ल सोडणारी पट्टी, तिच्याखाली पाणी.

हे घोरत होते. उठवून सांगावंसं वाटलं, नाही उठवलं.

पडल्यापडल्या धारचा स्तंभ आठवला. गाडीची पहिली सहल धार-मांडूचीच होती. लाट मशिदीबाहेर ओट्यावर लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेत. सगळे जोडले तर १३ मीटरच्या वर, म्हणजे दिल्लीच्या लोहस्तंभाच्या जवळपास दुप्पट. राजा भोजाच्या काळातला मानतात. मशीदच १४०५ ची, स्तंभ तिच्याहून जुना. हे त्याच्यावर हात फिरवून म्हणाले होते, "हजार वर्षं उघड्यावर, आणि बघ." लाकडी कोळशाच्या भट्टीतल्या त्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला, त्यामुळे पृष्ठभागावर घट्ट थर धरला आणि आतलं लोखंड वाचलं. दिल्लीच्या स्तंभाचा हा उलगडा आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमणियम यांनी केला, धारच्या स्तंभाचाही त्यांनी अभ्यास केला होता. तेव्हा आमची गाडी मागे उभी होती, महिन्याभराची, टपावर कड उघडी घेऊन.

१९ मे

देवास नाक्याकडच्या एका गॅरेजमधले चाचा आले. डेंटर-पेंटर. वय माझ्याएवढंच असेल, पण सगळे चाचा म्हणतात म्हणून मीही. शिडी न मागता टायरवर पाय देऊन खिडकीच्या कडेला लोंबकळत वर गेले. पेचकसाच्या मुठीने टपावर ठकठक करत फिरले, कान देऊन. मग टोकाने फोडांच्या जागा एकेक दाबून बघितल्या. पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा, आरपार गेला तर वेल्डिंग. मी खाली श्वास धरून.

"चद्दर अच्छी है भाभीजी," वरूनच ओरडले. "काम गंदा है."

आरपार कुठे नाही. एका कोपऱ्यात खड्डा पडलाय, पण तळ शाबूत.

जिरावनाचं कोडंही त्यांनीच सोडवलं. टपाला भोक पाडताना, कापताना जो लोखंडाचा कीस उडाला तो कोणी झाडलाच नाही. तापलेला कीस रंगात रुतून बसला आणि एकेक कण जागच्या जागी गंजला. म्हणजे त्या ठिपक्यांखाली आमचा पत्रा सडलेला नाही, तो कीसच सडतोय. हे ऐकून हे पहिल्यांदा हसले. मला मात्र त्याच ठिपक्यांचा जास्त राग आला. प्रायमर महाग म्हणून नाही लावला म्हणा, पण झाडू?

आतून चौकट उघडल्यावर प्लायची कड काळी पडलेली दिसली. तेवढी कापून टाकू म्हणाले.

२२ मे

आज पहिला दिवस. मी खुर्ची टाकून बसले, हेडमास्तरसारखी.

सगळ्यात जास्त वेळ सिलिकॉन काढण्यात गेला. ते डोळ्यांना गेलेलं दिसतं, पण त्याचा पुसट थर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. चाचा त्याला रंगाचा दुश्मन म्हणतात, त्यांच्या रंगाच्या बूथमध्ये सिलिकॉनची नळीसुद्धा आणू देत नाहीत. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडणं, सॉल्व्हंट, कापड पालटणं, पुन्हा सॉल्व्हंट. पोऱ्या मधेच घासायला धावला तेव्हा चाचांनी हातावर चापट मारली. आधी घासलं असतं तर सिलिकॉन अजून आत गेलं असतं.

मग घासणं. फोड होता तेवढंच नाही, त्याच्या पुढे चांगल्या दिसणाऱ्या रंगातही बोटभर. रंग उचलला की खरंच खाली गंजाची वाट पुढे गेलेली, वाळवीच्या घरासारखी. चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासलं. खड्ड्यातला गंज कागदाने निघेना. तिथे फॉस्फरिक ॲसिडवालं पाणी ब्रशने लावलं आणि थांबलो. लाल हळूहळू काळपट-करडं होत गेलं. मला पुन्हा वर्ग आठवला. हे लोखंडाचं फॉस्फेट, पोऱ्याला सांगितलं मी. "हाँ दीदी," म्हणाला आणि मोबाइल बघायला लागला. अगदी आठवी ब.

धुऊन, सुकवून, दुपारच्या उन्हात एपॉक्सी प्रायमर, हार्डनर मिसळून केलेलं. साधं लाल प्रायमर ओल शोषतं, ते इथे नको. आधी कापलेल्या कडेला बारीक ब्रशने, आतून, बाहेरून आणि जाडीवर. चाचांनी तिथे दोनदा ब्रश फिरवला. मी तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदाही फिरवला, मान हलवत.

२४ मे

रंग झाला. पंखा परत बसवला. चौकटीखाली या वेळी बुटाइलची चिकट टेप, च्युइंगमसारखी, कधीच कडक न होणारी. वरून न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारं सिलिकॉन, नळीवर तसं लिहिलेलं मी स्वतः वाचलं, नाक लावून वासही घेतला. व्हिनेगर नाही. चाचांना पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं सीलंट लावायचं होतं, तेही चाललं असतं, पण मी नळी आणून ठेवली होती आणि माझा हट्ट. सिलिकॉन बूथबाहेर आहे म्हणून त्यांनी हात लावला.

ठिपक्यांचा कीस चिकणमातीसारख्या क्लेच्या गोळ्याने आणि पाण्याने ओढून काढला. तळहाताएवढी जागा मी स्वतः केली. पांढरा गोळा बघता बघता जिरावनी झाला. काही ठिपके राहिलेत, त्यांना हात लावला तर रंग जाईल म्हणाले.

साडेअकरा हजार. हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतः सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेलं, भुट्ट्याचा कीस खायला. कीस म्हटल्यावर दोघांनाही हसू आलं.

२६ मे

सासूबाईंना सगळी हकीकत सांगितली. ८६ वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण टपाला भोक म्हटल्यावर सावरून बसल्या. म्हणाल्या, "मग शाकारणी केली की नाही दर वर्षी?" मल्हारगंजातल्या घराला कौलं होती. मृग लागायच्या आत मामंजी स्वतः माळ्यावर चढून कौलं चाळायचे, फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, आणि त्या खाली उभ्या राहून उजेड कुठून दिसतो ते सांगायच्या. "एक वर्ष राहिलं, तर ज्वारीच्या कणग्या भिजल्या," म्हणाल्या. त्या वर्षी काय झालं ते अजून टोचतंय त्यांना. मामंजींनी का नाही केली शाकारणी, हे नाही सांगितलं.

यांनी काल शिडी विकत आणली. ॲल्युमिनियमची, घडीची.

१७ जून

रात्री पहिला जोरदार पाऊस. साडेअकराला हे टॉर्च घेऊन गाडीत जाऊन बसले, पलंगावर उताणे, पंख्याच्या चौकटीवर झोत टाकून. मी गच्चीवर छत्री घेऊन. खालून फोन: "कोरडं आहे." पाच मिनिटांनी पुन्हा फोन: "अजून कोरडं आहे." मी म्हटलं, अहो, झोपा आता. तर म्हणे, इथेच झोपतो.

सकाळी शिडी लावून चढले. नवा रंग गुळगुळीत, पाण्याचे मणी उभे. मागच्या बाजूला सोलर पॅनलचा जो पाय आहे, डावीकडचा, त्याच्या स्क्रूभोवती मात्र एक फोड. साबुदाण्याहून लहान, मोहरीएवढा. तिकडे मेमध्ये कोणी बघितलंच नव्हतं. चाचांना फोन केला. पाऊस उघडला तर मंगळवारी येतो म्हणाले.