तुम्ही विचारलंत म्हणून: पदरचे पैसे घालून परत प्रदर्शन कशाला?

स्टाफरूममध्ये, लग्नात, परवा तर मेव्हण्याच्या पोराच्या बारशात. "सर, परत प्रदर्शन? स्वतःच्या खर्चानं? एखादी गॅलरी बघा की." चार वर्षं मी नुसता हसतोय. आता नोव्हेंबरात कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात माझ्या चित्रांचं दुसरं प्रदर्शन लावतोय, त्यामुळं परत सुरू झालंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो, लिंक पाठवली की काम झालं.

गॅलरी बघितली हो. पुण्यातल्या एकांनी फोटो मागवले, बघितले, विकलं तर चाळीस टक्के आमचे म्हणाले, फ्रेमिंग तुमचं, वाहतूक तुमची, उद्घाटनाचा चहासुद्धा तुमचाच. मग माझं नाही काय तेवढं सांगा म्हटलं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचं म्हणाल तर तिथं अर्ज करून नंबरची वाट बघत बसलेले माझ्या ओळखीचे चौघं आहेत, त्यातल्या एकाची पोरगी दरम्यान इंजिनियर झाली. आणि मी कलाशिक्षक माणूस, एटीडीची पदविका झालेला, इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला मार्क वाढतात म्हणून चित्रकलेला बसणारी पोरं सांभाळणारा. मला विचारतंय कोण.

पूर्वी मी याचं भारी उत्तर द्यायचो. १८५५ साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात कूर्बे या फ्रेंच चित्रकाराची काही मोठी चित्रं नाकारली, तर पठ्ठ्यानं शेजारीच स्वतःचा मंडप टाकला, चाळीसेक चित्रं लावली, वर तिकीट ठेवलं. हे मी पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलंय. पुढचं मात्र गाळायचो. कूर्बेकडंही फारसं कोणी फिरकलं नव्हतं, तिकीट निम्म्यावर आणावं लागलं.

आता हिशोब, कारण तुम्हाला तोच पाहिजे असतो. २०२२ च्या फेब्रुवारीत अठ्ठावीस जलरंग लावले. फ्रेम, माउंट, काचेऐवजी ॲक्रिलिक धरून एकेक बाराशेला पडलं, म्हणजे ३३,६०० तिथंच गेले. हॉल, टेम्पो, पत्रिका, चहा-बिस्किटं वेगळी. विकली दोन, प्रत्येकी साडेचार हजाराला, त्यातलं एक मेव्हण्यानं घेतलं. उरलेली सव्वीस घरात कॉटखाली. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी महाराज गेल्यावर, १९२२ साली, आपली चित्रं कोटीतीर्थ तलावात बुडवली असं आमच्याकडं सांगतात. आपण तेवढे मोठे नाही, आपल्याला कॉट पुरते. दर पावसाळ्यात बाहेर काढून बुरशी आलीय का बघायचं.

भागलं नाही हे मलाही कळतं. पण तुम्ही "विकलं का काही" विचारलंत की मला जे आठवतं ते पैशाचं नाही. ते आजवर बायको सोडून कुणाला माहीत नाही.

प्रदर्शन तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी उद्घाटन, त्यामुळं गर्दी, हार, फोटो. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते तीन आत आलेली माणसं पाच, त्यातल्या एकाला मोबाईल चार्ज करायचा होता. एकही चित्र गेलेलं नाही. आणि मला कुणीतरी सांगून ठेवलेलं की एक-दोन लाल टिकल्या, म्हणजे चित्र विकलं गेल्याची खूण, दिसल्या की लोकांचा हात खिशात जातो. स्टिकर आणायचे राहिले होते. बायकोनं पर्समधनं टिकल्यांचं पाकीट काढून दिलं, मखमली, मरून रंगाच्या. तीन चित्रांच्या फ्रेमला खालच्या कोपऱ्यात मी एकेक लावली. ती फक्त म्हणाली, "चांगली बघून लावा, म्हणजे खरं वाटंल." मी खरंच चांगली बघून लावली. माझ्या मते सगळ्यात चांगली तीन.

त्यातलं एक गुऱ्हाळाचं होतं, बावीस बाय तीस, पूर्ण कागद. संध्याकाळची काहील उकळतीय, वर वाफ. वाफ मी रंगवलेली नाही, कागद तसाच पांढरा सोडलाय आणि कडेनं पिवळा ओला करून नेलाय, दोन कागद वाया गेल्यावर तिसऱ्यात जमलं. खाली चुलवाणापाशी जाळ घालणारा जळव्या पाठमोरा.

चारच्या सुमाराला एक काकू आल्या. सत्तरीच्या असतील, नऊवारी, हातात औषधांची पिशवी, बहुतेक दवाखान्यातनं एसटीला वेळ होता म्हणून टेकायला आलेल्या. बाकी सगळी चित्रं चालता चालता बघितली आणि गुऱ्हाळापुढं थांबल्या ते थांबल्याच. मग मला म्हणाल्या, "ह्यो जळव्या डावखुरा हाय व्हय?" मी जवळ जाऊन बघितलं. चित्र माझं, पण मला माहीत नव्हतं. खरंच तो डाव्या हातानं चिपाडं आत सारतोय. म्हणाल्या, "आमचा थोरला भाऊ असाच सारायचा." मग पिशवीत हात घालून, "केवढ्याला हाय?"

मी म्हटलं, "गेलं ते, काकू."

का म्हटलं ते सांगतो. मागं आमच्याच शाळेतले एक सर उभे होते आणि दहाच मिनिटांपूर्वी मी त्यांना "तीन गेली" म्हणून सांगितलेलं. बास, एवढंच. व्यवहार मोडला म्हणता आलं असतं, फोन आल्याचं नाटक करता आलं असतं, टिकली चुकून लागलीय म्हणता आलं असतं. हे सगळं रात्री सुचलं. तेव्हा काकूंनी विचारलं "कुणी घेतलं?" तर मी म्हटलं, "मुंबईची पार्टी आहे." बायको वहीत मान घालून बसलेली.

"बरं झालं," म्हणाल्या, "चांगल्या घरी जाऊंदे." मग फोटो काढू का म्हणाल्या. भिंतीवर 'फोटो काढू नयेत' असा कागद मीच चिकटवलेला, तो मीच काढला आणि त्यांच्या मोबाईलवर मीच फोटो काढून दिला. त्या फोटोत कोपऱ्यात टिकलीपण आलीय. जाताना अभिप्राय वहीत त्यांनी लिहिलं, 'चित्रे छान आहेत. जळव्या आवडला.' नाव नाही, गाव नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या काकूंसाठी भरवतोय होय परत? तसं म्हटलं तर लई चांगलं दिसेल, पण खरं नाही. त्या परत येतील असं मला वाटत नाही, त्यांच्याकडं साडेचार हजार होते का तेही मला माहीत नाही, मी किंमत सांगितलीच नाही ना. कधी वाटतं आपल्याला नुसतं भिंतीवर आपलं नाव बघायचंय. कधी वाटतं जळव्या डावखुरा आहे हे घरात बसून मला उभ्या जन्मात कळलं नसतं, आणि चाळीस टक्क्यांत ते बसतही नाही. दोन्ही खरं असेल. बायकोचं म्हणणं, पीएफला हात लावू नका, बाकी काय ते करा.

यंदा चोवीसच चित्रं आहेत. गुऱ्हाळ आहे त्यात, जुन्याच फ्रेममध्ये. काल फ्रेमवाल्याचा फोन आला, खाली कोपऱ्यात कसला तरी गोल चिकट डाग आहे, नुसत्या फडक्यानं जात नाही, थिनरनं पुसतो पण तिथलं पॉलिश जाईल, काय करू. म्हटलं उद्या सांगतो.