तीन तडकलेले मणी
आज सकाळी भट्टी उघडली आणि १२ निळ्या मण्यांपैकी ३ तडकलेले निघाले. जीव हळहळला. प्रत्येक मणी सळईवर, ज्योतीत काच वितळवत, हाताने फिरवून घडवलेला. चूक लगेच कळली. ठिपक्यांसाठी दुसऱ्याच जातीची काच हाती लागली होती! एकीचा प्रसरण गुणांक, म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरते ते सांगणारा आकडा, १०४, दुसरीचा ९०. निवताना दोन्ही सारख्या आकसत नाहीत, मणी आतून ताणला जातो. ५१० अंशांना भट्टीत कितीही वेळ ठेवा, हा ताण जात नाही. म्हणून उरलेले ९ सुद्धा विकणार नाही. कुणाच्या गळ्यात असताना तडकले तर मला सहन होणार नाही. ऑर्डर दिलेल्या ताईंना फोन केला. "सावकाश करा, मी थांबते," म्हणाल्या. किती बरं वाटलं! काचेच्या कांड्यांना आता जातीप्रमाणे चिठ्ठ्या लावल्यात. पुन्हा ज्योत पेटवतेय.